बेघर निवारा चालवायचाय? सरकारी पैशाची वाट अशी आहे

बेघरांसाठी काम सुरू करणाऱ्या नव्या संस्थांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सरकारी ग्रँट कुठे मिळते?" प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याच्या मनात क्रम असा असतो की प्रस्ताव लिहायचा, मंजुरी आणायची, खात्यात रक्कम जमा झाली की कामाला लागायचं. शहरी बेघरांच्या निवाऱ्यात हा क्रम जवळजवळ उलटा आहे. इमारत बहुतेक वेळा पालिकेची, पगार सुरुवातीला तुमच्या गंगाजळीतून, आणि सरकारचा पैसा बिल लावल्यावर, शेरे-त्रुटी पुऱ्या झाल्यावर, सावकाश. त्यामुळे अर्ज कसा भरायचा याला या लेखात थोडीच जागा आहे. अर्जाआधी काय तयार हवं आणि पैसा हातात पडेपर्यंत तग कसा धरायचा, यावर जास्त लिहिलं आहे. सगळी उदाहरणं महाराष्ट्रातल्या महापालिका-नगरपरिषदांच्या हद्दीतली आहेत.

आधी पैशाचा उगम समजून घ्या

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७३ लाख माणसं बेघर नोंदली गेली. त्यांतली ९.३८ लाख शहरांत होती. महाराष्ट्राचा आकडा २.१ लाखांच्या आसपास, त्यातला निम्म्याहून थोडा जास्त शहरी. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा मोठा असणार हे या क्षेत्रातला कुणीही सांगेल. तरी कागदावर वापरायचा आकडा हाच, कारण सरकारी फायलीत तोच चालतो.

शहरांनी निवारे बांधावेत हा आग्रह मुख्यतः सर्वोच्च न्यायालयातून आला. अन्नाच्या हक्काच्या २००१ च्या याचिकेत, दिल्लीत २०१० च्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीने उघड्यावरची माणसं दगावली तेव्हा, न्यायालयाने बेघरांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. पुढे मोठ्या शहरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, आणि तोही बारमाही, चोवीस तास उघडा, हे माप ठरलं. मग २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात (नंतर त्याला ‘दीनदयाळ अंत्योदय योजना’ जोडलं गेलं) ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा स्वतंत्र घटक झाला. केंद्र आणि राज्याचा वाटा सुरुवातीला ७५:२५ होता, पुढे ६०:४० झाला. महाराष्ट्रात पैसा राज्य अभियानाकडून, म्हणजे नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत, पालिकेकडे आणि पालिकेकडून निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे, असा उतरत यायचा.

ही उतरंड लक्षात ठेवा, कारण तुमचं बिल अडकलं की ते नेमकं कोणत्या पायरीवर अडकलंय हे तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. "वरून निधी आलेला नाही" आणि "निधी आहे पण लेखा विभागाने त्रुटी काढली आहे" ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे अभियान ३० सप्टेंबर २०२४ ला संपलं. निवारे संपले नाहीत, त्यांतली माणसंही कुठे गेली नाहीत. पण पैसा कोणत्या खिशातून द्यायचा हा प्रश्न पालिकांपुढे उभा राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला नव्या मोहिमेबद्दल विचारणा केली. म्हणून पालिकेच्या अधिकाऱ्याशी पहिली भेट झाली की पहिला प्रश्न हा विचारा: "या निवाऱ्याचा खर्च सध्या कोणत्या लेखाशीर्षातून होतो, आणि या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्याला किती तरतूद आहे?" उत्तर तोंडी मिळालं तरी चालेल. पण उत्तर देताना समोरचा चाचपडला, तर सावध व्हा. पालिकेचं अंदाजपत्रक सार्वजनिक असतं. समाज विकास, समाज कल्याण किंवा नियोजन अशा विभागांची पानं स्वतः उघडून बघा. (प्रत्येक पालिकेत हे खातं वेगळ्या नावाच्या दारामागे असतं.)

तुमचं काम दुसऱ्या दारात बसतंय का?

प्रत्येक बेघर माणूस ‘शहरी बेघर’ या डब्यात येत नाही, आणि प्रत्येक संस्थेने निवाराच चालवायला हवा असंही नाही. वृद्धांसाठी काम असेल तर केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत वृद्धाश्रमांना अनुदान आहे. मुलांसाठी मिशन वात्सल्य. तिथे बाल न्याय कायदा, २०१५ खालची नोंदणी आधी, बाकी बोलणं नंतर. अडचणीतल्या महिलांसाठी मिशन शक्तीतलं शक्ती सदन, म्हणजे पूर्वीचं स्वाधार गृह. भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी आणि तृतीयपंथीयांच्या गरिमा गृहांसाठी (निवाऱ्यांसाठी) ‘स्माईल’ ही २०२२ पासूनची योजना. यांतल्या केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनांचे अर्ज ‘ई-अनुदान’ या पोर्टलवर भरले जातात. महिला आणि बालकांच्या योजनांची वाट राज्याच्या महिला व बालविकास विभागातून जाते, तिथे जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचं कार्यालय गाठा.

एक सल्ला. तीन दारांवर एकदम टकटक करू नका. नवी संस्था एकाच गटाचं काम धरून दोन-तीन वर्षं नीट नोंदी ठेवते, तेव्हा तिच्या प्रस्तावाला वजन येतं. "आम्ही महिला, बालक, वृद्ध, दिव्यांग, पर्यावरण सगळ्यात काम करतो" हे वाक्य छाननी करणाऱ्याने इतक्या प्रस्तावांत वाचलेलं असतं की तो पुढचं वाचत नाही.

कागद

यादी सगळ्यांना माहीत असते: नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, पॅन, आयकर कायद्याखालची धर्मादाय नोंदणी (अजूनही सगळे तिला ‘ट्वेल्व्ह ए’च म्हणतात), ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. केंद्राच्या पैशासाठी पीएफएमएसवर (सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या प्रणालीवर) नोंद आणि योजनेसाठी वेगळं बँक खातं. ऑनलाइन निविदेसाठी महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर नाव आणि डिजिटल स्वाक्षरी.

प्रस्ताव अडतो तो मात्र या यादीबाहेरच्या दोन गोष्टींवर.

पहिली म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडचा ‘चेंज रिपोर्ट’, म्हणजे बदल अर्ज. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्थाही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली न्यास म्हणून नोंदवावी लागते. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, तर ९० दिवसांत बदल कळवायचा असतो. आता प्रत्यक्षात काय असतं? परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) उतारा काढला की त्यावर स्थापनेच्या वेळची सात नावं; त्यांतले दोघं हयात नाहीत, एक परदेशी, आणि आज अध्यक्ष म्हणून सही करणाऱ्या व्यक्तीचं नाव उताऱ्यावर नाहीच. पालिकेचा विधी विभाग विचारणार, करारावर सही करायचा अधिकार यांना कुणी दिला? बदल अर्ज मंजूर व्हायला किती काळ लागेल हे कुणाच्या हातात नसतं. म्हणून निवाऱ्याचा विचार डोक्यात आला त्याच आठवड्यात उतारा काढा आणि नावं जुळवा. जुळत नसतील तर बदल अर्ज आधी दाखल करा, त्याची पोच फायलीत लावा आणि कार्यकारिणीचा ठराव सोबत जोडा.

दुसरी म्हणजे घटनेतली उद्दिष्टं. त्यात ‘बेघर’, ‘निराधार’, ‘निवारा’ यांपैकी एक शब्द असावा. ‘समाजोपयोगी उपक्रम राबवणे’ एवढ्यावर काही अधिकारी मानतात, काही मानत नाहीत. उद्दिष्टांत दुरुस्ती करणं शक्य आहे, पण वेळखाऊ आहे. नवी संस्था काढतच असाल तर पहिल्या दिवशीच हे शब्द घालून घ्या.

हिशेबही वेळेवर हवेत. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून धर्मादाय कार्यालयात दाखल. पावती जपून ठेवा, ती मागतात.

रात्री बाहेर पडा

नियमाप्रमाणे बेघरांचं सर्वेक्षण पालिकेने त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यायचं असतं. तो अहवाल पालिकेकडे असेल तर मागून घ्या. पण स्वतःची मोजणी केल्याशिवाय प्रस्तावाला हात लावू नका, आणि ही मोजणी दिवसा होत नाही. दुकानांची शटर खाली आल्यानंतर, साधारण साडेदहा-अकराला निघायचं. रेल्वे स्टेशनच्या बाहेरची बाजू, एसटी स्टँड, उड्डाणपुलाखालचा पट्टा, देवळांच्या पायऱ्या, सरकारी रुग्णालयाचं आवार, भाजी-फुलांचे बाजार. दोघा-तिघांचा गट असावा आणि त्यात एक बाई हवीच, कारण एकट्या झोपलेल्या बाईशी अपरात्री पुरुषाने जाऊन बोलणं बरोबर नाही आणि ती बोलणारही नाही. फोटो काढू नका. झोपलेल्याला उठवू नका. फक्त संख्या, अंदाजे वय आणि जागा टिपा. जो अजून झोपलेला नसेल त्याच्याशी बोला.

तीन प्रश्न पुरतात. काम कुठे करता? इथेच का झोपता? याआधी पालिकेच्या निवाऱ्यात गेला होतात का, आणि गेला असाल तर का सोडलात?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं तुमचा सगळा प्रस्ताव घडवतात. फूलबाजाराशेजारी झोपणारा पाटीवाला सांगतो की पहाटे तीन-चारला गाड्या लागतात, तेव्हा जो समोर असतो त्याला हमाली मिळते. निवारा तीन किलोमीटरवर आहे आणि त्याचं दार सहाला उघडतं. त्याच्यासाठी तिथली गादी फुकट असली तरी महाग आहे. एखादं जोडपं सांगतं की तिकडे बायकोला वेगळं ठेवतात. कुणी म्हणतो, "बोचकं चोरीला गेलं." कुणाचा कुत्रा आहे, आत घेत नाहीत. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात की निवारा बेघरांच्या वस्तीजवळ आणि कामाच्या जागेजवळ असावा. हे वाक्य प्रस्तावात उतरवायचं आणि त्याखाली आपल्या मोजणीतलं कोष्टक द्यायचं: अमुक चौकात इतके पुरुष, इतक्या बायका, इतकी मुलं, यांतले इतके या बाजारात कामाला. छाननी समितीपुढे दहा पानांच्या प्रास्ताविकापेक्षा हे एक पान जास्त बोलतं.

जाहिरात आली की

पालिका बहुधा ‘स्वारस्य अभिव्यक्ती’ (काम करायला कोण इच्छुक आहे ते कळवणारे अर्ज) मागवते किंवा सरळ निविदा काढते. मुदत कमी असते, म्हणून पालिकेच्या संकेतस्थळावरचं निविदांचं पान दर आठवड्याला बघायची सवय लावून घ्या. जाहिरातीत पाहायच्या गोष्टी: किती वर्षांचा अनुभव, किती उलाढाल, बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) किती, कराराची मुदत, आणि निवड कशावर. फक्त कमी दरावर निवड असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नव्या संस्थेने त्यात पडू नये. सर्वांत कमी आकडा लावणारा नंतर तो आकडा रहिवाशांच्या पांघरुणातून आणि काळजीवाहकांच्या पगारातून काढतो. गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण असतील तरच कागद विकत घ्या.

निविदापूर्व बैठकीला जा आणि तिथे शंका लेखी द्या. तोंडी दिलेलं उत्तर नंतर कुणाला आठवत नाही.

आणखी एक काम आहे, जे फार कमी लोक करतात. त्याच पालिकेच्या आधीच्या निवाऱ्याचा करारनामा, मंजूर दर आणि मागच्या दोन वर्षांत बिलं किती दिवसांनी अदा झाली, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. या उत्तरातून तुम्हाला जे कळेल ते कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात कळणार नाही. बिल सरासरी आठ महिन्यांनी निघत असेल, तर तेवढ्या महिन्यांचे पगार तुमच्याकडे तयार हवेत. नसतील तर या फेरीत अर्ज करू नका.

अंदाजपत्रकाचं गणित

अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत ५० जणांच्या निवाऱ्याला चालवण्याचा खर्च वर्षाला ६ लाख रुपये धरला होता, पाच वर्षांसाठी. हा दर २०१३ चा. म्हणजे महिन्याला ५०,०००, माणशी महिना १,०००, दिवसाला साधारण ३३ रुपये. एवढ्यात एक व्यवस्थापक आणि आठ-आठ तासांच्या पाळीचे तीन काळजीवाहक बसवायचे. आज किमान वेतनाचा तक्ता समोर ठेवून चार पगार लिहा, बेरीज करा. साबणालासुद्धा पैसा उरत नाही हे दिसेल.

पाळ्यांचं गणित तर सरळ फसवं आहे. चोवीस तास, सातही दिवस म्हणजे आठवड्याला २१ पाळ्या. तीन माणसं, प्रत्येकाला एक साप्ताहिक सुट्टी, म्हणजे १८ पाळ्या. उरलेल्या तीन पाळ्यांना कोण? कागदावर कुणीच नाही. प्रत्यक्षात कुणीतरी सोळा तास सलग थांबतो आणि पहाटे भांडण झालं की तोच झोपलेला असतो. चौथा, बदली काळजीवाहक अंदाजपत्रकात नाव घेऊन मागा. त्याला मंजुरी नाही मिळाली तरी तुम्ही तो मागितला होता याची नोंद राहते, आणि त्याचा पगार देणगीतून उभा करता येतो. महिलांच्या निवाऱ्यात तिन्ही पाळ्यांना महिलाच हव्यात, हेही याच हिशेबात आलं.

नवख्यांच्या अंदाजपत्रकात सुटणाऱ्या गोष्टी बहुतेक ठिकाणी त्याच. ढेकूण ही त्यांतली पहिली. एकदा गादीत शिरले की निम्मे रहिवासी पुन्हा फुटपाथवर जातात, आणि फवारणी एकदा करून भागत नाही, ठरावीक अंतराने करावी लागते. चादरी-ब्लँकेटं धुण्याचा खर्च, कुलपं असलेली कपाटं (वर आलेलं बोचकं आठवा), सॅनिटरी पॅड, रात्री रुग्णालयात न्यायला रिक्षाचं भाडं, आणि कुणी बेवारस वारलं तर पोलीस पंचनाम्यापासून अंत्यसंस्कारापर्यंतचा खर्च. हा शेवटचा खर्च कुठल्याच शीर्षात बसत नाही. त्यासाठी संस्थेचा स्वतःचा छोटा निधी ठेवा, पालिकेच्या पैशाची वाट बघत मृतदेह शवागारात ठेवता येत नाही.

जेवणाचं काय? बहुतेक पालिका जेवणाचे पैसे देत नाहीत. स्वयंपाकाची जागा मागा, म्हणजे रहिवासी स्वतः रांधून खातील. जवळ शिवभोजन केंद्र असेल तर त्याचा पत्ता दाराजवळ लावा. रहिवाशांकडून शुल्क घ्यायचं असेल तर सूचनांत त्याची मर्यादा आहे: उत्पन्नाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शापर्यंत. माझा कल शुल्क न घेण्याकडे आहे. वसुलीसाठी लागणारा माणूस वसुलीपेक्षा महाग पडतो.

करारावर सही करण्याआधी

वीज आणि पाणी कुणाच्या नावावर, बिल कोण भरणार? पाण्याची मोटर जळली तर? संडास तुंबला तर? ‘देखभाल संस्थेने करावी’ या तीन शब्दांत छप्पर गळण्यापर्यंत सगळं येतं. म्हणून किरकोळ दुरुस्ती आणि मोठी दुरुस्ती यांची हद्द रकमेत लिहून घ्या. ताबा घेताना पालिकेच्या अभियंत्याबरोबर फिरून संयुक्त पंचनामा करा: खिडक्या किती, काचा किती फुटलेल्या, पंखे किती चालू, नळ किती. दोघांच्या सह्या. पाच वर्षांनी जागा परत देताना हाच कागद तुम्हाला वाचवतो.

पैसे मासिक की तिमाही, आणि पहिल्या तिमाहीची आगाऊ रक्कम मिळेल का, हे करारात असलं पाहिजे. टीडीएसचाही विषय इथेच काढा. लेखा विभाग संस्थेला ठेकेदार समजून कर कापतो आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरून थांबावं लागतं. कमी किंवा शून्य कपातीचा दाखला आधी काढता येतो, तसंच जीएसटीची माफी तुमच्या कामाला लागू आहे का हे सनदी लेखापालाकडून लेखी घेऊन ते पत्र पहिल्या बिलालाच जोडा.

रोजची वही

निवाऱ्यात आलेल्याची नोंद: नाव (जे सांगेल ते), अंदाजे वय, कुठून आला, काम, आजार, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, सही किंवा अंगठा. आधार नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नका. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याच्यासाठीच ही जागा आहे.

वहीत ‘कामावर’ असा एक रकाना जरूर ठेवा. तपासणीला अधिकारी बहुधा दुपारी येतात. दुपारी दोनला निवाऱ्यात चार म्हातारे आणि एक आजारी माणूस, बाकी गाद्या रिकाम्या. अहवालात जातं, ‘प्रत्यक्ष उपस्थिती ५’, आणि पुढचं बिल कापलं जातं. हमाल, कॅटरिंगवाला, नाका कामगार दुपारी निवाऱ्यात कसा असेल? रकान्यात कामाची जागा लिहिलेली असेल तर तिथल्या तिथे उत्तर देता येतं. शक्य असेल तर अधिकाऱ्यांना रात्री अकराची भेट ठरवायला लेखी विनंती करा.

निवारा व्यवस्थापन समितीची बैठक दर महिन्याला घ्या, त्यात रहिवासी असू द्या, आणि इतिवृत्त त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीस एकदम लिहिलेली इतिवृत्तं ओळखू येतात. शाई आणि अक्षर सारखंच असतं.

बिल आणि त्याचा प्रवास

बिलासोबत हजेरीपट, पगार बँकेतून दिल्याचा पुरावा, खर्चाची मूळ व्हाउचर, रहिवाशांचा मासिक गोषवारा, समितीचं इतिवृत्त, तारखेसह फोटो. सगळ्याची एक प्रत स्वतःकडे. आवक-जावक शाखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवलंय’ याला काही अर्थ नाही.

त्रुटी निघणारच. पहिल्यांदा एक काढतात, ती पुरी केली की दुसरी. याला उपाय एकच: नम्र पत्र द्या की सर्व त्रुटी एकत्र आणि लेखी कळवाव्यात. लिपिकाशी भांडू नका. नस्तीवर (फायलीवर) टिपणी तोच लिहितो, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे एकट्याकडे पाच योजनांचं काम असतं.

फेब्रुवारी-मार्चची गडबड वेगळी. निधी परत जाऊ नये म्हणून तेव्हा अचानक फोन येतात: "दोन दिवसांत उपयोगिता प्रमाणपत्र द्या." हे म्हणजे अनुदान ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला. केंद्राच्या अनुदानासाठी त्याचा नमुना ‘जीएफआर १२-ए’ म्हणून ओळखला जातो. तो आधीच अर्धा भरून तयार ठेवा. एक नियम कधी विसरू नका: जो खर्च झालेला नाही त्याचं प्रमाणपत्र देऊ नका, कुणीही सांगितलं तरी. सही तुमची असते. अनुदानाच्या खात्यावरचं व्याज तुमचं नसतं, तेही दाखवावं आणि परत करावं लागतं, म्हणून वेगळं खातं.

माणूस बाहेर पडला का?

निवारा भरलेला आहे एवढ्यावर पालिका समाधानी असते. बेघरपणा संपवायचा असेल तर मोजायची गोष्ट दुसरी आहे: किती जण निवाऱ्यातून खोलीत, घरी, वृद्धाश्रमात, नोकरीच्या जागी गेले. तो रकाना सरकारी नमुन्यात नसला तरी तुमच्या वहीत असू द्या. पुढच्या प्रस्तावात आणि सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या) दारात तोच उपयोगी पडतो.

त्याची सुरुवात कागदांपासून होते. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने आधारच्या ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर त्यावर आधार निघतो. मतदार यादीत नाव घालताना बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघतो. आधार झालं की बँक खातं, मग रेशन, मग संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये. या शेवटच्या टप्प्यावर महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मागतात, आणि फुटपाथवर वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. जुनं रुग्णालयाचं केसपेपर, पोलीस ठाण्यातली कधीची नोंद, बाजार समितीतलं ओळखपत्र, जे मिळेल ते गोळा करून तहसील कार्यालयात न्यायचं. एकेका माणसामागे यात महिने जातात, त्यामुळे निम्म्या वेळेचा का होईना, एक समाजकार्यकर्ता मागून घ्या.

मानसिक आजार असलेल्यांसाठी मात्र साधा निवारा पुरेसा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भरकटलेल्या आजारी व्यक्तीला उपचारापर्यंत पोचवायची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी जे प्रादेशिक मनोरुग्णालय तुम्हाला जवळ असेल तिथल्या समाजसेवा अधीक्षकांची आणि आपल्या पोलीस ठाण्याची निवारा उघडायच्या आधीच भेट घ्या. मध्यरात्री पहिल्यांदा फोन करायची वेळ आली तर पलीकडून कुणी ओळखत नाही.

करार संपताना

मुदतवाढीचं पत्र वेळेवर येत नाही, हे गृहीतच धरा. करार संपायच्या तीन महिने आधी अर्ज द्या, मग दर महिन्याला स्मरणपत्र. कराराबाहेरच्या काळातलं बिल ‘कार्योत्तर मंजुरी’च्या (काम झाल्यावर मागाहून घ्यायच्या मंजुरीच्या) चक्रात जातं आणि तिथून ते कधी बाहेर येईल हे कुणी सांगू शकत नाही. तरीही शेवटच्या तारखेला पत्र हातात नसेल, तर माणसांना बाहेर काढणं शक्य नसतं आणि गप्प बसून चालवत राहणं संस्थेला परवडत नाही. अशा वेळी आयुक्तांच्या नावे एक पानाचं पत्र द्या: आज रात्री या निवाऱ्यात ४३ व्यक्ती आहेत, त्यांत इतक्या महिला, इतके वृद्ध, यादी सोबत जोडली आहे, करार आज संपत आहे, उद्यापासून त्यांची जबाबदारी कोणत्या यंत्रणेकडे राहील ते कळवावे, तोपर्यंत संस्था सेवा सुरू ठेवत असून त्याचा खर्च देय धरावा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक राज्यात निवाऱ्यांवर देखरेख करणारी समिती नेमलेली आहे, तिलाही प्रत पाठवा आणि तसं पत्राच्या तळाशी लिहा. आवक क्रमांक घ्या.